मुळं आभाळाकडे

घाणेरी कापायची नसते.
हे मला चौथ्या दिवशी कळलं.
तोवर माझी सगळी कापलेली झुडपं
बुडाशी हिरवे डोळे उघडून बसली होती.

बुधी वरठा म्हणाली, "केस कापलंस तू. डोकां ऱ्हायला."
मग कुदळ तिरकी घालून दाखवलं:
माती सरकव,
मूळ जिथे गाठ होतं त्याच्या दोन बोटं खाली
एकच घाव.
आणि निघालेलं झुडूप आडवं टाकायचं नाही,
टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते.
ते उलटं ठेवायचं.
डोकं खाली, मुळं आभाळाकडे.

मार्च संपेपर्यंत येऊरच्या त्या उतारावर
सहाशे झुडपं शीर्षासन करत उभी होती
आणि माझ्या दोन्ही हातांना
जेवतानाही तोच उग्र वास.

जागा मोकळी झाली तेव्हा भीती वाटली.
इतकी उघडी माती मी कधी पाहिली नव्हती,
ऑपरेशनआधी दाढी केलेल्या पोटासारखी.
घाणेरीत मुनियांची घरटी होती.
ती आम्ही मोजली नाहीत.

मग सारख्या टी-शर्टातली मंडळी आली, फोटो झाले,
मागून एक टेम्पो, त्यात गुलमोहराची दोनशे रोपं.
बुधीने टेम्पोवाल्याला चहा पाजला
आणि टेम्पो भरलेला तसाच खाली पाठवला.
"आधी गवत," एवढंच म्हणाली.

पहिल्या वर्षी माती नाल्यात गेली.
उरलेल्यावर रानमोडी आली, कमरेएवढी.
वरच्या तारेवर बुलबुल बसायचे,
कुठून कुठून काळी फळं खाऊन,
आणि तारेच्या बरोब्बर खाली
घाणेरीची रोपं, रांगेत, शाळेत उभी केल्यासारखी.
मी म्हणालो, सोडून देऊ.
ती उकिडवी बसून उपटतच राहिली.

एकदा विचारलं तिला,
मी तर नगरकडचा, ऐंशी साली आलो पोटासाठी.
मग मी कोण, तुझ्या हिशोबात?
तिने खाली पाहिलं,
घोडबंदरच्या बाजूला वाढत गेलेले मनोरे,
बराच वेळ पाहिलं.
मग बाटली पुढे केली. "पाणी पी."

दिवाळीनंतर तिच्या पाड्याच्या बांधांवरून
आम्ही कुसळीचं बी गोळा केलं, दोन गोण्या.
धोतराला, मोज्यांना, केसांना, सगळीकडे कुसळं.
ती विस्कटून टाकली उतारावर
आणि जूनमध्ये मी पालथा पडून पाहिलं:
ओल लागली की कुसळ स्वतःभोवती फिरतं,
पीळ सुटत जातो
आणि बी मातीत शिरतं, फिरत फिरत,
स्क्रूसारखं.

एकतीस वर्षं मी वागळे इस्टेटात लेथवर उभा होतो.
आटे पाडले, लाखो आटे,
एक सूत चुकलं तर माल परत.
आणि इथे एक गवत
ना मोटर, ना तेल, ना फोरमन,
नुसत्या दमटपणावर आटे पाडत होतं.
मला हसू आलं. नंतर हसू राहिलं नाही.
बुधी म्हणाली, "पडलास काय रं?"
म्हटलं, नाही. कामावर आहे.

हे तिसरं वर्ष.
गुडघाभर गवत, काही ठिकाणी नाहीच,
नाल्याकडची पट्टी अजून रानमोडीची.
उलटी झुडपं वाळून राखाडी झालीत,
एकावर काल कोतवाल बसला होता.

आज सकाळी ऐनाच्या बुंध्याशी
एक रोप दिसलं, दोनच पानं, खरखरीत.
घाणेरीचंही असंच असतं लहानपणी.
पान चुरून नाकाशी नेलं.
वास आला नाही.
पण माझ्या नाकाचा काय भरवसा आता.
कारवी असेल. नसेलही.

बुधी नातवाच्या बारशाला मोखाड्याला गेली आहे,
सोमवारी येईल.
तोवर मी शेजारी एक काडी रोवली,
काडीला शर्टाचा निघालेला दोरा बांधला,
म्हणजे कुणी उपटणार नाही.
मीसुद्धा.